चालण्याचा महिना

टकलावर केस रोवून घेतले तेव्हा डॉक्टरांनी सरांना बजावलं, "महिनाभर पळणं बंद. फक्त चाला." वीस वर्षं रोज पहाटे एकटेच मैलोन्‌मैल पळणारे सर नाइलाजाने बायकोबरोबर चालू लागले. ती बोलायची, ते ऐकायचे. मध्येच खळखळून हसायचे.

महिना सरला. सर तपासणीहून परतले तेव्हा तिने भीतभीतच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"अजून महिनाभर चालायचंच म्हणाले."

दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना खिशात डॉक्टरांची चिठ्ठी निघाली. 'आजपासून खुशाल पळा.' तिने ती हळूच खणात सारली आणि चपला पायात सरकवल्या.

"अहो, आज लांबच्या रस्त्याने जाऊ या?"

"जाऊ की," सर म्हणाले, "मला कुठं पळायचंय?"