तलब

बायको कलाबाई वारली आणि जानरावचा तंबाखूचा खर्रा आपोआप सुटला. बुलढाण्याच्या याच डॉक्टरकडे तिनं त्याला दोनदा ओढत आणलं होतं, तेव्हा सुटला नव्हता. आज तो एकटाच आला होता.

"आता आठवनच येत नाही, साहेब. काऊन असं?"

"आधी तलब कधी यायची?"

"ती ओरडे तवा. 'थुंका, रंगवा सारं गाव!' म्हणे. मंग मी वट्यावर जाऊन पुडी सोडत जाओ. रोजचंच होतं."

"मेंदू असाच शिकतो, काका. तिचा आवाज आला की खर्रा मिळणार, हे त्यानं पक्कं धरलं. आता आवाज नाही, म्हणून तलबही नाही."

जानराव टोपी घालून उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"साहेब, तलब परत येईन असं काही औषध असते का?"