साहेबांच्या हातची मालिश

तेलाची बाटली पुन्हा कलंडली आणि या खेपेला तेल थेट गिऱ्हाइकाच्या कानात गेलं.

"काही नाही साहेब, होऊ दे," टेबलावर पालथं पडलेलं ते धूड म्हणालं. साहेबांच्या जुन्या लष्करी तुकडीतला हा आचारी.

साहेबांचे हात लटलट कापत होते. तशाच हातांनी त्यांनी त्याचा खांदा असा काही रगडला की आचाऱ्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

टॉवेल घेऊन दारात उभ्या असलेल्या मॅनेजरबाईंनी पुढे होऊन त्याच्या कानातलं तेल टिपलं. साहेबांच्या मुलीने त्यांना बजावून ठेवलं होतं, "बाबांच्या हातून कुणाला इजा व्हायच्या आत त्यांची मालिशची खोली बंद करायला हवी. तुम्ही रोज बघता, तुम्हीच ठरवा आणि शुक्रवारी संध्याकाळी मला सांगा." आज शुक्रवार.

सांगायला मात्र बाईंची जीभ रेटत नव्हती. या माणसाचा त्यांना पहिल्या दिवसापासून नुसता आदर नव्हे, चक्क अचंबा वाटत आला होता. बर्फाळ सीमेवर अर्धं आयुष्य काढलेला अधिकारी निवृत्त होतो काय, बंद पडलेली लाँड्री भाड्याने घेतो काय, आणि तिथे गरम पाण्याचे हौद, वाफेची खोली अन् मालिशची टेबलं मांडून स्पा काढतो काय! "ज्याच्या एका आरोळीने अख्खी छावणी उठायची, तो आता लोकांचे पाय चेपणार?" म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. साहेब ढिम्म. पोरासोरांच्या वर्गात बसून ते मालिश शिकले. अजूनही शर्टाला कडक इस्त्री, दाढी गुळगुळीत, आणि सकाळी बॉयलर सुरू करायला सगळ्यांच्या आधी हजर. दगा दिला होता तो फक्त हातांनी.

गंमत म्हणजे स्पात दोन पटाईत मालिशवाले असताना तुकडीतली माणसं साहेबांचाच हट्ट धरत. लांबून लांबून येत, तेलात न्हाऊन, अंग चोळत बाहेर पडत. मग पुढच्या खोलीत चहा घेत तासन् तास गप्पा हाणत बसत आणि जाताना पुढची वेळ ठरवून जात.

आचारी कपडे करून बाहेर आला तसं बाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"दादा, खरं सांगा. दुखतं ना?"

"दुखतं? अहो, पुढचे दोन-चार दिवस मान वळत नाही."

"मग साहेबांच्या धाकाने येता का? पुढच्या वेळी मी तुम्हाला दुसऱ्याकडे पाठवते. साहेबांना काय सांगायचं ते मी बघते."

आचाऱ्याचा चेहरा उतरला. साहेबांच्या खोलीचं दार लागलंय ना, हे त्याने आधी पाहून घेतलं.

"ताई, पाया पडतो, तेवढं करू नका. आमची काही पोरं तिकडे सीमेवरच राहिली. साहेबांनी ते मनाला लावून घेतलं. मध्यंतरी तर अन्नपाणी सोडून पडून होते, हात कापायला लागले. आम्ही मालिशला यायला लागलो तेव्हा कुठे उठून बसले. म्हणून आम्ही पाळ्या लावल्यात. ज्याची पाळी, त्याने पाठ द्यायची. मी तर तेव्हा सकाळपासून प्यायचो बघा. पण साहेबांसमोर तोंडाचा वास घेऊन कसं जाणार? झक मारत सोडावी लागली!" तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांना वाटतं, ते आम्हाला बरं करतायत. वाटू दे. यातलं अक्षर त्यांच्या कानावर जाता कामा नये."

बाईंना भरून आलं. ही धिप्पाड माणसं आपली पाठ सोलून घेऊन एका म्हाताऱ्याला जगवत होती, आणि त्याचा कुठे गाजावाजा नाही! एवढी माया त्यांनी सख्ख्या भावाभावांत पाहिली नव्हती. खोली बंद होणार नाही, मुलीची समजूत आपण घालायची, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्या आनंदात दार न वाजवताच त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या.

साहेब खिडकीपाशी उभे होते. मोठ्या डब्यातलं तेल ते चिंचोळ्या तोंडाच्या बाटलीत ओतत होते. धार दोऱ्यासारखी सरळ होती. एक थेंब बाहेर सांडत नव्हता.

"साहेब, तुमचे हात..."

साहेबांनी बाटलीला शांतपणे बूच लावलं.

"दार लावा, बाई. आचारी बोलला वाटतं तुमच्याशी?"

"हो. म्हणाला, तुमच्यासाठी सगळे..."

"स्पा काढला तेव्हा एकेकाच्या घरी जाऊन बोलावलं होतं मी. कुणी दारूत बुडालेला, कुणी बायकोशीही बोलेना. म्हटलं, या, वाफ घ्या, चार शब्द बोला. 'आम्हाला काय धाड भरलीय?' म्हणाले. एकजण फिरकला नाही." साहेबांनी पुढच्या माणसासाठी टेबलावर स्वच्छ चादर पसरली. "मग मला आजारी पडावं लागलं."