पुण्याच्या ऑफिसचं कुलूप

तिसरा व्हीपीएन लावताना मितेशचे डोळे मिटायला लागले होते. लोक तारकर्लीला मजा करायला येतात, आणि हा बापडा महिनाभर पडवीत बसून पुण्याच्या कंपनीसाठी हे इंटरनेटवरचं कुलूप निवडत होता.

पहिला स्वस्त होता, पण कोण कुठे गेलं याची सगळी नोंद स्वतःकडे ठेवायचा. राखणदारच चुगलखोर! दुसऱ्याचं तर नावच नको. वीज गेली की तो गुपचूप गळून पडायचा आणि कंपनीच्या फायली उघड्या रस्त्याने चालू लागायच्या. इथे वीज काय, मनात येईल तेव्हा जाते. तिसरा मात्र खमका निघाला. तुटला तर वाटच बंद करायचा, आणि पासवर्ड दिल्यावरही फोनवर आलेले आकडे मागायचा.

"कसला रे ह्या एवढा?" पेजेची वाटी पुढे ठेवत सावित्रीने, त्याच्या आईने विचारलं.

"कुलूप गो आये. घरात बसान ऑफिसात शिरूचा, पण चोराक शिरूक गावूचा नाय."

"आणि चोर शिरलो तर?"

"तर घरून काम बंद. सगळ्यांका पुण्याक बोलावतले."

ती लोणच्याची फोड वाढून आत गेली.

वडील गेले तेव्हा मितेश थोड्या दिवसांसाठी आला होता. मग आई घसरून पडली आणि त्याचा पाय निघेना. बायको दिव्या पुण्यात. तिची नोकरी सुटण्यासारखी नव्हती. त्यांच्या लेकीला तर बाबा म्हणजे मोबाइलमधला माणूस झाला होता. रोज फोनवर तीच धुसफूस, आणि पडवीत बसलेल्या सावित्रीला ती सगळी ऐकू यायची. इकडे आड, तिकडे विहीर. मितेश पार पिचून गेला होता. पण आईला एकटं टाकायचं? छे! मन धजत नव्हतं.

शुक्रवारी तिसऱ्या कुलपाची परीक्षा होती. कंपनीने मुद्दाम बाहेरची माणसं नेमली आणि मितेशचा पासवर्डही त्यांच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत आत शिरून दाखवा म्हणे! सकाळ गेली, दुपार टळली, कोणाला जमलं नाही. मितेशला हायसं वाटलं. फोन पडवीत ठेवून तो विहिरीवर आंघोळीला गेला.

परत येतो तर साहेबांचा निरोप. ते लोक आत शिरले होते. सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं.

"आये! माझ्या फोनार कोणाचो फोन इल्लो?"

"इल्लो एक. कंपनीतलो म्हणालो. आपली मालवणी बोलत होतो बिचारो. आकडे विचारल्यान, मी वाचून दाखवलंय."

मितेश फोन घेऊन तिच्यापुढे बसला. "मालवणी बोललो म्हणान आपलो झालो? अगो, तो फसवूक इल्लो! आता माका जावचा लागतला. तुका एकटीक टाकून!"

बोलता बोलता त्याला रडूच फुटलं. सावित्रीने पदराने त्याचे ओले केस पुसले.

"गप रव रे झिला. थय नात तुझी वाट बघता. चोर आसा ता माका पयल्याच शब्दात कळला. म्हणान तर आकडे दोनदा वाचलंय."