नावाड्याची उडी

‘काळोख. काळोखात एक दिवा पेटतो. दिव्यामागे एक बोट, ढगांवर तरंगणारी.’

टीव्हीतली बाई सांगत होती. आवाज स्वच्छ, गोड आणि परका. त्याला तो पहिल्याच वाक्याला आवडला नाही. तरी तो खुर्चीत हट्टानं बसून राहिला. रविवारची दुपार होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

तो जन्मापासून आंधळा. हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर वीस वर्षं ऑपरेटर. नुसत्या खाकरण्यावरून डॉक्टर ओळखायचा. हा सिनेमा त्यानं नऊ वर्षांचा असताना पाहिला होता. पाहिला म्हणजे ताईनं सांगितला आणि त्यानं ऐकला. ताई तेव्हा तेरा वर्षांची. संवाद त्याला ऐकू यायचेच. मधलं सगळं ती त्याच्या कानात कुजबुजायची. मागचे लोक ‘श्श! श्श!’ करायचे. ती ऐकते थोडीच! थिएटरात चार वेळा आणि पुढे घरी कितीतरी वेळा त्यांनी तो पाहिला. दर वेळी ताई शेजारी.

सिनेमा लाडका होता तो नावाड्यामुळे. राजपुत्राची उडती बोट हाकणारा तो नावाडी आंधळा होता. वाऱ्याच्या वासावरून वाट काढायचा. बोट शत्रूच्या किल्ल्याशी पोचली की संगीत एकदम थांबायचं आणि सगळं थिएटर खो खो हसायचं. पहिल्यांदा त्यानं ताईची बाही ओढून विचारलं होतं, “काय झालं? काय झालं?” ताई म्हणाली, “अरे, नावाड्यानं सगळ्यांच्या आधी किल्ल्यावर उडी मारली! पहारेकऱ्यांची कसली पळापळ झालीय!” मग तोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. त्यानंतर नावाड्याचा आवाज पुन्हा कधी येत नसे. ताईचं म्हणणं, तो आता किल्ला सांभाळतो, त्याला बोलायला फुरसत कुठली? अंधशाळेच्या वसतिगृहात त्यानं हा प्रसंग इतक्यांदा रंगवून सांगितला, की पोरं पलंगांवरून उड्या मारायची आणि नावाडी कोण होणार यावरून भांडायची.

त्याच ताईशी तो दोन वर्षं बोलत नव्हता. लॅबमधल्या एका बाईंचे फोन तो चार वर्षं जोडून देत होता. जोडता जोडता गप्पा होऊ लागल्या, आणि त्याचा जीव गुंतला. ताई त्याच्या वतीनं विचारायला गेली. परत येऊन म्हणाली, त्यांचं लग्न आधीच ठरलंय. तसं काही नव्हतं. ‘आंधळ्याशी कसं शक्य आहे,’ असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ते त्याला सहा महिन्यांनी कँटीनमध्ये, शेजारच्या टेबलावरून कळलं. त्या संध्याकाळी तो ताईला म्हणाला, “तुझे डोळे तुझ्यापाशीच ठेव.” तिनं नंतर पुष्कळ फोन केले. यानं एकही उचलला नाही.

आता सिनेमाची वाढीव आवृत्ती निघाली होती. अडतीस मिनिटं जास्त, आणि न दिसणाऱ्यांसाठी सगळ्याचं वर्णन. रेकॉर्ड विभागातल्या मित्रानं डिस्क आणून लावून दिली होती. ताईवाचूनही सिनेमा पाहता येतो, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं.

पहिला वाढीव प्रसंग नावाड्याचाच निघाला. ‘नावाडी शीड चाचपतो. फाटलेली जागा त्याला बरोबर सापडते.’ तो खूश झाला. सवयीनं शेजारी कोपर मारायला गेला, तर ते खुर्चीच्या लाकडावर आपटलं. त्याला फार एकटं वाटलं. आपला हट्ट मूर्खपणाचा आहे हेही जाणवलं, पण त्यानं सिनेमा बंद केला नाही.

मग किल्ला आला. संगीत थांबलं. तो आधीच हसू लागला होता.

‘बोट थांबते. आंधळा नावाडी हात पुढे करून चाचपडतो. किनारा आला असं समजून तो कठड्यापलीकडे पाऊल टाकतो. खाली काहीच नाही. तो दिसेनासा होतो. त्याची टोपी तेवढी ढगावर तरंगत राहते. पहारेकरी एकमेकांना टाळ्या देत हसतात.’

त्यानं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदाही ऐकलं. बाई त्याच गोड आवाजात तेच सांगत राहिली. ती खोटं बोलत नव्हती. तिला काय पडलंय!

त्यानं टीव्ही थांबवला. एक आंधळा पडला म्हणून सगळं थिएटर हसलं होतं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला होता तो. त्याला रडू फुटलं. मग त्याच्या मनात ताई आली, तेरा वर्षांची. बाहीला हिसके बसत होते, आजूबाजूला हशा चालला होता, आणि उत्तर शोधायला तिला जेमतेम एक श्वास घेण्याइतका वेळ होता. त्या लॅबवाल्या बाईंकडून परत आली तेव्हाही फार वेळ मिळाला नसणार. घराचा जिना चढून येईपर्यंतचाच.

त्यानं फोन लावला.

“बोल,” ताई म्हणाली. दोन वर्षांनी, आणि नुसतं एवढंच.

“नावाडी पडतो गं, ताई.”

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

“कुणी सांगितलं?”

“टीव्हीतल्या एका बाईनं. अजून अर्धा सिनेमा बाकी आहे. पुढचं मला तिच्याकडून ऐकायचं नाही. तू येतेस?”

ताई नाक ओढत म्हणाली, “येते. पण आधीच सांगते, दिसतं ते जसंच्या तसं सांगायला मला अजूनही जमत नाही.”

“म्हणून तर बोलावतोय.”