गाळलेला कुत्रा

"पुढे वाच गं," काळा चष्मा लावून आरामखुर्चीत रेललेले शेवडेकाका म्हणाले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून शेजारच्या मुक्तानं त्यांना रोज पुस्तक वाचून दाखवायचं, असं तिच्या आईनं ठरवून टाकलं होतं. मुक्ताला पुस्तक नुसतं पाहिलं तरी जांभया यायच्या. लवकर सुटका व्हावी म्हणून ती खुशाल दोन-दोन पानं गाळायची. काका मात्र "वा, वा!" म्हणत ऐकायचे.

आज आई चहा घेऊन आली, तेव्हा मुक्ता कपाळाला आठ्या घालून बसली होती. "काका, होडीत हा कुत्रा कुठून आला?"

"कुणास ठाऊक! तू वाचलंस त्यात तर कुत्रा नव्हता बुवा."

मुक्तानं जीभ चावली. पानं उलटत ती मागे गेली, आणि मग मोठ्यानं वाचायचंच विसरली. हाक मारली तरी मान वर करीना.

आई बघतच राहिली. कप देताना हळूच म्हणाली, "काका, डॉक्टरांनी तुम्हाला गेल्या आठवड्यातच वाचायला परवानगी दिली ना? तुमच्या सूनबाई सांगत होत्या."

काकांनी काळा चष्मा नाकावर घट्ट बसवला. "हळू बोल. आधी तिला कुत्रा सापडू दे."