रस्ता झाकणारा वेल

"ह्या तारेवर वेल चढला तर मी भर चौकात मिशी उतरवीन," वायरमन म्हणाला. "इथं तारेवर चढतो तो फक्त मी."

कुंपणाशी जमलेले शेजारी खिदळले. वायरमनची मिशी म्हणजे गल्लीची शान. टोकावर लिंबू ठेवलं तरी पडू नये अशी.

"आणि नाही चढला तर?" शिंप्यानं काडी टाकली.

"तर मी गल्लीभर गाढवासारखा ओरडत फिरेन," ड्रायव्हर म्हणाला. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, तोंडाला ब्रेक नाही.

"त्यात नवीन काय?" वायरमन म्हणाला.

सगळे हसले. ड्रायव्हर हसला नाही. साठ दिवसांची मुदत ठरली. फाटकापासून भिंतीपर्यंत तार दिसता कामा नये.

ड्रायव्हरच्या घराचं कुंपण पश्चिमेचं. दुपारनंतर तारेला हात लावला तर फोड यावा, असं ऊन. जमीन दगडासारखी. आणि पलीकडे दहा पावलांवर मोठा रस्ता.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर बायकोला घेऊन नर्सरीत गेला.

"बोगनवेल न्या," नर्सरीवाली म्हणाली. "पाणीसुद्धा मागत नाही."

"खाता येतो?"

"काटे खाणार?"

"खायचाच वेल हवा." ड्रायव्हरनं आवाज खाली आणला. "ही विसरते हो सगळं. रस्ता दिसला की चालायला लागते. दोनदा गेली. दुसऱ्यांदा ट्रकवाल्यानं जेमतेम ब्रेक मारला. आणि दिसेल ते पान तोंडात घालते. डॉक्टर म्हणाले, आता तिसऱ्यांदा झालं तर घरी ठेवता येणार नाही. कुलूप असलेल्या ठिकाणी ठेवा." त्यानं तोंडातली काडी या गालातून त्या गालात सरकवली. "मी नाही ठेवणार."

बायको खाली बघत उभी होती. नर्सरीवालीला तिची दया आली.

"काकडी, दोडका नको. पाण्याशिवाय माना टाकतात. द्राक्षाला दोन वर्षं लागतील. चवळी लावा, चढणारी. उन्हाला दाद देत नाही, आणि पाला भाजीचा. मधेमधे तोंडलीच्या काड्या खोचा. चवळी वाळेल तोवर तोंडली जागा धरेल."

"तोंडलीचा पाला खाल्ला तर चालतो ना?" बायकोनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"चालतो की."

"मग दोन्ही द्या," ती म्हणाली.

चवळी चार दिवसांत उगवली आणि पाचव्या दिवशी उन्हानं पोळली. ड्रायव्हरनं गोणपाट ओले करून आडोसा केला, बुंध्याशी पालापाचोळा घातला. धुण्याभांड्याच्या पाण्याचा थेंबही वाया जाईना. तिसऱ्या आठवड्यात पहिला शेंडा खालच्या तारेला बिलगला.

वायरमन शेजारीच राहायचा. रोज यायचा, थेट आत जाऊन पाणी प्यायचा, डबे उघडून बघायचा.

"बापाचं घर समजतोस काय?" ड्रायव्हर खेकसायचा.

"समजतो की," वायरमन दाणे तोंडात टाकत म्हणायचा.

एका संध्याकाळी तो वेलांना बादली ओतताना सापडला. ड्रायव्हरनं बादलीत बोट घालून चाखलं.

"मीठ टाकतोस होय रे, चोरा?"

"साधं पाणी आहे, ड्रायव्हरसाहेब."

"हरायची घाई झालीय तुला? बोल, पैज काय होती? पहिल्यापासून बोल."

वायरमननं पहिल्यापासून सांगितली. एक दिवसाआड सांगावीच लागायची. पळवाट राहू नये म्हणून, असं ड्रायव्हरचं म्हणणं. वायरमन एकदाही कंटाळला नाही.

साठाव्या दिवशी फाटकापासून भिंतीपर्यंत तार दिसेना. रस्ताही दिसेना. नुसता हिरवा पडदा, आणि शेंगा लोंबत होत्या.

शिंप्यानं बोभाटा केला. सलूनवाल्यानं खुर्ची उचलून चौकात आणली. वायरमन राजासारखा बसला. फेस लागला, वस्तरा फिरला, आणि एका बाजूची मिशी टॉवेलवर पडली. गल्ली शिट्ट्या वाजवत होती. दुसरी बाजू पडली तेव्हा ड्रायव्हर मांडीवर थाप मारून इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग तो खुर्चीजवळ गेला आणि वायरमनच्या गुळगुळीत तोंडाकडे निरखून बघत राहिला.

"अरेरे," तो हळूच म्हणाला. "कुणी केलं रे हे? कुणाचा तू? घरी वडील विचारतील, त्यांना काय सांगशील?"

शिट्ट्या थांबल्या.

वायरमननं टॉवेलनं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मग ड्रायव्हरच्या बायकोकडे वळला.

"रडतेस काय, आई? बाबांचा हात धर. नाहीतर पुन्हा निघतील."