ढोलकीपुढचा माईक

"पुन्हा बांगड्याच," रघू म्हणाला आणि त्याने स्पीकर बंद केला.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या त्याच्या साउंडच्या दुकानात हा तिसरा माईक होता. सरू ढोलकी मांडीवर घेऊन बसली होती. हात चांगला होता तिचा. पण दोन्ही मनगटांत हिरव्या काचेच्या भरगच्च बांगड्या, आणि थाप पडली रे पडली की ढोलकीच्या आधी त्याच वाजायच्या. पहिला माईक ढोलकीच्या काठाला चिमट्याने लावायचा होता. स्वस्त, पण भलताच चहाडखोर. बांगड्या तर बांगड्या, त्याने सरूचा श्वासही ऐकवला. दुसऱ्याची किंमत ऐकून बायजाने तो हातातही घेतला नाही. तिसरा साधा, गाण्याचा, समोरचं तेवढंच घेणारा. रघूने तो ढोलकीच्या डाव्या पुडीच्या चामड्यापाशी नेला, खाली वाकवला, तिरका करून पाहिला. छुनछुन कमी झाली, पण गेली नाही.

बायजाचा जीव टांगणीला लागला. हमरापूरच्या बायकांचं हे भजनी मंडळ तिने उभं केलं होतं. दिवसभर गणपती रंगवायचे आणि दिवेलागणीनंतर तालमीला बसायचं, अशा साऱ्या बायका. गेल्या नवरात्रात रोह्याला देवीपुढे त्यांचं भजन झालं, तेव्हा ढोलकीला माईक लावला आणि मंडपभर नुसत्या बांगड्याच ऐकू आल्या. पुढच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. यंदा पुन्हा बोलावणं होतं, पण तेही अडखळत आलं होतं. या वेळी हसं झालं, तर रोह्याचं बोलावणं कायमचं तुटणार होतं.

"तासभर काढून ठेव ना गो," बायजा म्हणाली, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता.

सरूने हात मागे घेतले. "देवीपुढं? रिकाम्या हातांनी? सासू घरात घेल काय मला?"

बायजाने स्वतःच्या तरी काढल्या असत्या का? मुळीच नाही. मग तिने सरूच्या बांगड्यांवर रुमाल आवळून बांधला. बांगड्या गप्प झाल्या, पण मनगटही आखडलं. ढोलकी पिठाच्या डब्यासारखी वाजू लागली.

"मावशी, दुसरं कुणी वाजवतं काय?" रघू कंटाळून म्हणाला. "माईकची जागा तरी ठरवू."

दारापाशी बसलेली गोदूबाई उठली. सरूला ढोलकी तिनेच शिकवली होती. मंडळात मात्र ती टाळ धरायची, शेवटच्या रांगेत. एके काळी ढोलकी तिचीच होती आणि जागाही अगदी पुढे, बायजाच्या शेजारी. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाच्या भजनाला बायजाने तिला हळूच सांगितलं होतं, "आज मागं बस गो, लोकं बोलतात." तो 'आज' अजून संपला नव्हता.

गोदूबाईने ढोलकी जवळ घेतली आणि वाजवायला लागली. स्पीकरमधून थाप आली, नुसती थाप, घोटीव आणि भरदार. रघूने माईक जवळ नेला तरी दुसरं काही ऐकू येईना.

"हाच घ्या," तो म्हणाला. "स्वस्तातलाच हाय. पण हात हेच पायजेत."

सगळ्यांनी गोदूबाईच्या हातांकडे पाहिलं. त्यांत काहीच नव्हतं.

बायजाने क्षणात ठरवलं. "गोदूबाय, नवमीला तूच वाजवायची. पुढं बस, माझ्याशेजारी."

"लोकं बोलतील," गोदूबाई म्हणाली.

"बोलूंदेत. मंडळाच्या नावापुढं लोकांचं काय घेऊन बसलीस!"

गोदूबाई "बरं" म्हणाली. परतीच्या गाडीत बायजा स्वतःवर भलतीच खूश होती. खर्च वाचला, मंडळाची अब्रू वाचली, आणि वर एका बाईचं भलंही झालं. देवीनेच वाट दाखवली, असं तिने सरूला दोनदा सांगितलं. गोदूबाई खिडकीबाहेर बघत होती.

नवमीला रोह्याचा मंडप बायकांनी भरून गेला. रघूने ढोलकीपुढे माईक लावला. "बाजारात जाऊन येते," म्हणून गेलेली गोदूबाई काही येईना. सगळ्या जागेवर बसल्या, पेटीने सूर धरला, तेव्हा ती आली. सरळ पुढे चालत गेली, बायजाच्या शेजारी बसली आणि तिने ढोलकी ओढून घेतली.

तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. कासाराने नुकत्याच चढवलेल्या. मनगटं अजून लाल दिसत होती.

मंडपात कुजबुज उठली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने दुसरीला कोपराने ढोसलं. सरूच्या हातातले टाळ तसेच राहिले. रघू लांबून स्वतःचं मनगट हलवून दाखवत होता.

बायजा वाकली आणि दातओठ खात म्हणाली, "गो, हे काय केलंस? बांगड्या नव्हत्या म्हणून तर तुला पुढं बसवली!"

"व्हय," गोदूबाई म्हणाली. "आणि त्याच नव्हत्या म्हणून मागं बसवली होतीस."

भजनाची पहिली ओळ बायजाने उचलायची होती. तिला लाज वाटली, अगदी भर मंडपात, देवीच्या समोर. पेटीचा सूर लांबत चालला होता आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

तिने हात पुढे केला आणि माईक आणखी जवळ, गोदूबाईच्या मनगटापाशी ओढला.